यमकातलं घर

कविराजांचं घोडं ‘काटा’ या शब्दापाशी अडलं होतं. समारंभ दुपारी होता, जेवणाची सुट्टी तोंडावर आली होती आणि कवितेच्या शेवटच्या दोन ओळींपैकी एकच हाती लागली होती. ती मात्र झकास होती. ‘वर्षे चाळिस ज्यांनी जपला न्यायाचा हा काटा’. आता याच्या खाली काय, ते काही केल्या सुचत नव्हतं.

ऑफिस वजनमापं तपासण्याचं. शहरातले दुकानदार आपापली वजनं आणि तराजू इथे घेऊन येत, ती ऑफिसातल्या प्रमाण वजनांशी ताडून पाहिली जात, बरोबर निघाली तर शिक्का, नाहीतर जप्ती. कविराज इथे आवक-जावक कारकून होते. आलेल्या पत्राला आवक नंबर, गेलेल्या पत्राला जावक नंबर, एवढंच काम. त्यामुळे डोकं मोकळं असे आणि मोकळ्या डोक्यात कविता शिरत असे. कुणी निवृत्त झालं, कुणाला बढती मिळाली, कुणाची बदली झाली, की कविराजांची कविता ठरलेली. हे नाव त्यांना थट्टेने पडलं होतं, पण त्यांनी ते पदवी मिळाल्यासारखं स्वीकारलं होतं.

कविता करण्याची त्यांची एक पद्धत होती. आधी यमकं ठोकून घ्यायची, मग त्यांना ओळी लटकवायच्या. भिंतीत आधी खुंट्या, सदरे मागाहून. आणि खुंटी म्हणजे पक्की खुंटी. ‘मन’ला ‘क्षण’ जोडणारे आणि ‘डोळा’ला ‘मेळा’ चिकटवणारे जे कोणी होते, त्यांना कविराज कवी म्हणत नसत, भेसळवाले म्हणत. शेवटची दोन अक्षरं स्वरासकट तंतोतंत जुळली तरच ते यमक. जवळपास जुळतंय, चालवून घेऊ, ही भाषा त्यांच्यापाशी चालत नसे.

त्यातून आजची कविता साध्यासुध्या माणसावर नव्हती. निवृत्त होत होते ते ऑफिसचे निरीक्षक. या माणसाने उभ्या आयुष्यात कुणाचा चहासुद्धा फुकट प्यायला नव्हता, आणि न तपासता कशाला हो किंवा नाही म्हटलं नव्हतं. बाहेर पाऊस पडतोय का म्हणून विचारलं तर ते आधी खिडकीशी जात, हात बाहेर काढत आणि मग उत्तर देत. कविराजांना त्यांच्याबद्दल मनापासून आदर होता. अशा माणसाला पोकळ यमकाने निरोप द्यायचा म्हणजे पापच.

“बाई, काटाला यमक सांगा एखादं,” शेवटी कविराजांनी भांडारपाल बाईंच्या टेबलाशी जाऊन हात पसरले. बाई प्रमाण वजनं मऊ कापडाने पुसून मखमलीच्या खाचांत ठेवत होत्या.

“वाटा,” बाई मान वर न करता म्हणाल्या. “आता चालतील नव्या वाटा.”

“मागच्या तीनही निवृत्त्यांना वाटा झाल्यात. तिघांनाही नव्या वाटांवर पाठवलं आणि तिघंही घरी जाऊन बसलेत. आता लोक हसतात.”

“मग ओटा. आता सांभाळतील घरचा ओटा. निवृत्त माणूस स्वयंपाकघरातच घुटमळतो, आमच्याकडे बघतेय ना मी.”

“ओटा?” कविराजांचा चेहरा असा झाला की जणू चहात मीठ पडलं. “अहो, काटामध्ये ‘का’ आहे, ओटामध्ये ‘ओ’ आहे. हे यमक नाही, ही यमकाची चुलत बहीण आहे!”

“एवढं कोण ऐकतंय? चहा-बिस्किटांकडे लक्ष असतं सगळ्यांचं.”

पण कविराज निघून गेले होते. डब्यातला शेवटचा घास आणि ‘लाटा’ हा शब्द एकाच वेळी त्यांच्या तोंडात आला. घास त्यांनी कसाबसा गिळला आणि तशाच हाताने ओळ लिहून टाकली. ‘आता घरच्या खिडकीमधुनी बघतिल सागर-लाटा!’ मात्रा मोजल्या, चोख भरल्या. ओळ बाईंना वाचून दाखवली.

“समुद्र कुठून आला मध्येच?” बाई म्हणाल्या. “निरीक्षकसाहेब राहतात बसस्टँडमागे. खिडकीतून गॅरेज दिसतं.”

“गॅरेजला यमक नाही.”

“पण त्यांना विचारलंत का?”

“कवितेत विचारायचं नसतं, बाई. कवितेत यायचं असतं ते येतं.” असं म्हणून कविराज हात धुवायला गेले.

समारंभ तपासणीच्या मोठ्या खोलीत झाला. मोठा तराजू भिंतीला सरकवून त्यावर चादर टाकली होती, खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्या रांगेत निरीक्षक, शेजारी वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी. पलीकडे ऑफिसचे मोठे साहेब. साहेबांचं भाषण झालं, भिंतीवरचं घड्याळ भेट देऊन झालं आणि कविराज उभे राहिले. कविता छान रंगत गेली. शेवटची ओळ त्यांनी हात उंचावून म्हटली आणि खोली टाळ्यांनी दणाणून गेली.

टाळ्या चालू असतानाच कविराजांना पहिल्या रांगेत काहीतरी विपरीत घडताना दिसलं. वहिनींनी तोंडावर हात ठेवला होता आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. त्या नवऱ्याकडे बघत होत्या. निरीक्षक आ वासून त्यांच्याकडे बघत होते. आणि मोठ्या साहेबांच्या टाळ्या हळूहळू मंदावून थांबल्या होत्या.

“अरे वा,” साहेब निरीक्षकांकडे झुकून म्हणाले. “समुद्रावर घर घेतलंत? बोलला नाहीत कधी.”

आता इथे दुसऱ्या कुणीही ‘छे छे’ म्हणून विषय मिटवला असता. पण निरीक्षक पडले निरीक्षक. बायको आनंदाने रडतेय हे ते डोळ्यांनी बघत होते. बायकोचा भाऊ घरांच्या खरेदी-विक्रीतला माणूस होता. बहीणभावांनी मिळून परस्पर काही केलं असेल तर? तपासल्याशिवाय नाही कसं म्हणायचं? त्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

“माहिती घेऊन सांगतो,” ते म्हणाले.

साहेबांच्या भुवया वर गेल्या. ज्या माणसाला स्वतःचं घर आहे की नाही हे सांगायला माहिती घ्यावी लागते, त्याचं कुठेतरी पाणी मुरतंय, असं मागच्या रांगेत कुणीतरी पुटपुटलं. बिस्किटं संपेपर्यंत हे मत अर्ध्या ऑफिसचं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेन्शनच्या कागदांवर सह्या करायला निरीक्षक आले. बरोबर वहिनी होत्या. निरीक्षक आत गेले आणि वहिनी थेट कविराजांच्या टेबलाशी आल्या. चेहरा असा फुलला होता की कविराजांना वाटलं, कविता आवडली म्हणून आभार मानायला आल्या असतील. ते लाजून उभे राहिले.

“भावजी, आता तुम्हीच सांगा,” वहिनी आवाज खाली आणून म्हणाल्या. “रात्रभर विचारतेय, यांच्या तोंडून एक अक्षर नाही. नुसतं म्हणतात, तुला काय माहीत आहे ते आधी सांग. मला काय माहीत असणार? लग्न झाल्यापासून म्हणत होते मी, एकदा समुद्रावर राहायचंय. म्हटलं, ऐकलं वाटतं शेवटी! तुम्हाला सांगितलं आणि मला नाही. खिडकी मोठी आहे का हो?”

खरं सांगायची हीच वेळ होती. कविराजांनी तोंडसुद्धा उघडलं होतं. पण वहिनी अशा काही बघत होत्या की ‘खिडकी नाही’ हे शब्द त्यांच्या जिभेवरून परत घशात गेले.

“मोठी आहे,” कविराज म्हणाले.

“आणि पडदे लागतील?”

“लागतील.”

“कोणत्या रंगाचे शोभतील?”

“निळे,” कविराज म्हणाले. वहिनी प्रसन्न होऊन बाकावर जाऊन बसल्या आणि हाताच्या बोटांनी हवेत पडद्याचं माप घेऊ लागल्या.

निरीक्षक बाहेर आले ते तडक कविराजांपाशी. “मला एक सांगा,” ते दबक्या आवाजात म्हणाले, “तुम्हाला हे कुणाकडून कळलं? हिच्याकडून की हिच्या भावाकडून?”

“साहेब, ते म्हणजे... आतून आलं.”

“आतून म्हणजे? ऑफिसातून?” निरीक्षकांचा गोंधळ आणखीनच वाढला. “हिच्या भावाला विचारलं, तर तो म्हणाला, मला कळवलं नाहीत म्हणजे कमाल केलीत भावोजी, सुट्टीत आम्ही सगळे येतो, खालचा मजला आमच्यासाठी ठेवा. म्हणजे मजलेही आहेत! मी चक्रावून गेलोय हो.”

वहिनींनी बाकावरून हाक मारली. पुढचं बोलणं राहून गेलं. कविराजांनी मनाशी ठरवलं, उद्या घरी जाऊन दोघांना एकत्र बसवून सगळं सांगून टाकायचं. ठरवलं, आणि बरं वाटून त्यांनी चहा मागवला.

पण दुपारी एक अर्ज हातोहात आला. शहरातला एक दुकानदार होता, त्याच्या तराजूच्या पारड्याखाली मेणाने चिकटवलेलं नाणं निरीक्षकांनी पकडलं होतं. तो लिहीत होता की, आमच्यासारख्या गरिबांचे तराजू जप्त करणाऱ्या अधिकाऱ्याने समुद्रकाठी घर कुठून बांधलं, याची चौकशी व्हावी. घराचा उल्लेख खुद्द खात्याच्या समारंभात जाहीरपणे झालेला असून ऐकणारे साक्षीदार आहेत. तळाशी कविराजांची ओळ अवतरणचिन्हांत दिली होती, सागर-लाटांसकट. कविता पहिल्यांदाच कुणीतरी उद्धृत केली होती. कविराजांनी तिला आवक नंबर दिला.

तासाभरात साहेबांनी निरीक्षकांचे पेन्शनचे कागद थांबवले. चौकशी पूर्ण होईपर्यंत सही नाही.

आता मात्र कविराजांच्या तोंडचं पाणी पळालं. हा केवळ कवितेचा प्रश्न उरला नव्हता. ज्या माणसाने फुकटचा चहा कधी घेतला नाही, त्याच्यावर लोक बोट दाखवणार होते, आणि तेही कशामुळे, तर बाई म्हणाल्या तो ‘ओटा’ घ्यायला कविराज लाजले म्हणून. ते साहेबांच्या खोलीत शिरले आणि दार लोटून घेतलं.

“साहेब, समुद्रावर घर नाही.”

“मग काय आहे?”

“यमक आहे.”

साहेबांनी चष्मा काढला. “कसलं?”

“वरच्या ओळीत काटा आला, म्हणून खाली लाटा आणल्या. लाटा आल्या म्हणून समुद्र आला. समुद्र बघायचा तर खिडकी हवी, खिडकी आहे तर घर हवं. सगळं मी बांधलं साहेब, त्यांचा काही दोष नाही.”

“हे बघा,” साहेब सावकाश म्हणाले, “तुमची निरीक्षकांवर भक्ती आहे, मला माहीत आहे. पण शब्द जुळवायला कुणी एवढं मोठं घर बांधतं? शेंबडं पोरही विश्वास ठेवणार नाही. आणि पुन्हा निरीक्षक स्वतः नाही म्हणाले नाहीत. माहिती घेऊन सांगतो म्हणाले!”

“ते पाऊस पडताना पण तसंच म्हणतात, साहेब.”

“ते राहू दे. मला फाइलीत लिहायला पुरावा हवा. उद्या सगळ्यांना बोलावतो. तुम्ही एवढंच सिद्ध करा, की काटा या शब्दाला दुसरं यमक नव्हतं. दुसरं असताना तुम्ही मुद्दाम घर घेतलंत, असं निघालं, तर त्याचा अर्थ घर होतं.”

कविराजांना हे तर्कशास्त्र नीटसं कळलं नाही. पण वाद घालायची सोय नव्हती.

चौकशीला साहेबांच्या टेबलासमोर चार खुर्च्या मांडल्या होत्या. निरीक्षक, वहिनी, भांडारपाल बाई आणि कविराज. तोपर्यंत वहिनींना कोणी काही धड सांगितलं नव्हतं. निरीक्षकांनी एवढंच सांगितलं होतं की चल, घराची माहिती मिळणार आहे. त्यामुळे त्या निळ्या कापडाचे दोन नमुने पर्समध्ये घेऊन आल्या होत्या. कविराजांनी ते पाहिले आणि खाली मान घातली.

“तर, काटा,” साहेबांनी कागद ओढला. “मी स्वतः काल थोडा विचार केलाय. बटाटा का नाही?”

“निरोपाच्या कवितेत बटाटा येत नाही, साहेब.”

“असा नियम आहे?”

“नियम नाही. पण येत नाही.”

साहेबांनी ‘बटाटा’समोर फुली मारली. “टाटा? निरोपच आहे, टाटा करायला काय हरकत?”

“निरीक्षकसाहेब निवृत्त होत होते हो, बालवाडीतून घरी जात नव्हते.”

“हं. मग वाटा. नव्या वाटा, वगैरे.”

“तो शब्द या फाइलीत नको, साहेब,” भांडारपाल बाई पटकन म्हणाल्या. “वाटा म्हटलं की वाचणारा विचारणार, कुणाचा आणि किती.”

साहेब दचकले आणि त्यांनी ‘वाटा’ गिरगटून टाकला. ‘घाटा’ लिहिला, तर खात्याला घाटा झाला असा अर्थ निघत होता. ‘बोभाटा’ लिहिल्यावर तर खुद्द साहेबांनीच कागद उलटा केला. ‘फाटा’ म्हणजे नियमांना फाटा दिला असं होत होतं. जो जो शब्द काढावा, तो तो निरीक्षकांच्या गळ्याशी येत होता. निरीक्षक दर शब्दाला थोडे थोडे खुर्चीत खचत होते. आपण इथे घराबद्दल ऐकायला आलो होतो आणि हे काय चाललंय, हे त्यांना अजिबात उमगत नव्हतं. पण तपासणी चालू असताना मध्ये बोलायचं नाही, हा त्यांचाच नियम होता.

“खराटा!” साहेब एकदम म्हणाले. “हाती धरतील खराटा. चांगलं आहे. साधी राहणी.”

“विधान चूक आहे,” निरीक्षक पहिल्यांदाच बोलले. “मी कधी खराटा हातात धरलेला नाही.”

“हे मात्र अगदी खरं आहे,” वहिनी म्हणाल्या. “हवं तर माझी सही घ्या.”

साहेबांनी खराट्यावर फुली मारली. आता कागदावर जागा उरली नव्हती. त्यांनी बाईंकडे पाहिलं. “तुम्ही साक्षीदार. तुमच्यासमोर शोधाशोध झाली. दुसरा काही शब्द निघाला होता?”

बाईंनी एकवार कविराजांकडे पाहिलं. खोटं बोलण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. “निघाला होता. ओटा.”

“बघा!” साहेब टेबलावर हात आपटून म्हणाले. “ओटा! काटा, ओटा! काय वाईट आहे? सरळ, घरगुती. म्हणजे दुसरं यमक होतं आणि तुम्ही घेतलं नाही!”

आपली नोकरी, निरीक्षकांची पेन्शन, सगळं या क्षणावर टांगलेलं आहे हे कविराजांना कळत होतं. मुकाट्याने बसायला हवं, तेही कळत होतं. पण ‘यमक’ हा शब्द ऐकताच त्यांच्या मस्तकात तिडीक गेली आणि ते ताडकन उठले.

“ओटा हे यमक नाही!” ते ओरडले. “मला नोकरीवरून काढा, पण हे मी ऐकून घेणार नाही! स्वर कुठे जुळतोय? तुम्ही इथे वजन तपासता ना साहेब? एखाद्या दुकानदाराने किलोच्या जागी जवळजवळ किलो आणला, तर मारता शिक्का? मग माझ्याकडूनच जवळजवळ यमक का घेता? ओटा म्हणे! उद्या गोटा आणाल, परवा साठा आणाल! मी भेसळ करणार नाही!”

कविराज धापा टाकत उभे होते. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग टोपण काढून पेन हातात घेतलं.

“बसा,” ते म्हणाले. “आता माझा विश्वास बसला. हा माणूस यमकासाठी घरच काय, अख्खं बंदर बांधेल.” आणि लिहिता लिहिता ते मोठ्याने वाचू लागले. “काटा या शब्दास कार्यालयीन वापरायोग्य दुसरे यमक उपलब्ध नाही. सबब, घर अस्तित्वात नाही. पेन्शनचे कागद मंजूर. मूळ कविता फाइलीस जोडावी.”

निरीक्षकांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की टेबलावरचे कागद हलले. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांना कशाची तरी पक्की माहिती मिळाली होती. भांडारपाल बाईंनी कविराजांच्या पाठीवर थाप मारली. कविराज हसू लागले, आणि मग त्यांचं लक्ष वहिनींकडे गेलं.

“म्हणजे खिडकी नाही?” वहिनींनी विचारलं.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

“नाही, माझं काही म्हणणं नाही,” त्या घाईघाईने म्हणाल्या आणि कापडाचे नमुने पर्समध्ये कोंबू लागल्या. पण चेन लागेना. “यांचं नाव चांगलं राहिलं, तेच मोठं. फक्त दोन दिवस मी त्या घरात राहिले ना, म्हणून जरा... खुर्च्यासुद्धा मांडून झाल्या होत्या माझ्या. एक यांची, एक माझी. यांना वारा लागतो म्हणून यांची जरा आतल्या बाजूला.”

कविराजांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आजवर त्यांनी यमकासाठी कुणाला वाघ केलं होतं, कुणाला मेघ केलं होतं, कुणी काही मनाला लावून घेतलं नव्हतं. पण त्यांच्या ओळीत कुणी खरोखर राहायला गेलं होतं, आणि आता त्याला बाहेर काढायची वेळ आली होती, ती ही पहिलीच. “वहिनी, चुकलो,” एवढंच ते म्हणू शकले. खूप वाईट वाटत होतं आणि त्यासाठी एकही चांगला शब्द सापडत नव्हता.

निरीक्षक उठले. त्यांनी बायकोच्या हातातून पर्स घेतली, चेनमध्ये अडकलेलं कापड अलगद सोडवलं आणि पर्स बंद केली. मग साहेबांना विचारलं, “कविता फाइलीला लागणार?”

“लागणार. कायमची.”

“म्हणजे माझ्याबद्दलचं खोटं विधान खात्याच्या दप्तरात कायम राहणार,” निरीक्षक म्हणाले. “आपल्याकडे वजन कमी भरलं, तर आपण त्याच्यावरचा आकडा खोडत नाही. खालच्या भोकात शिसं ओततो आणि वजन बरोबर करतो.” त्यांनी वहिनींकडे पाहिलं. “चल. तुझ्या भावाला फोन करू. भाड्याने काही मिळतंय का, माहिती घेऊ.”

वहिनींना आधी काही कळलंच नाही. दारापर्यंत गेल्यावर कळलं असावं, कारण बाहेरच्या व्हरांड्यातून त्यांचा आवाज आला, “अहो, खरंच?” आणि पाठोपाठ निरीक्षकांचा, “तपासून सांगतो.”

महिना उलटला. कविराजांनी कविता करणं जवळजवळ सोडलं होतं. एका कारकुनाला बढती मिळाली, तेव्हा त्यांनी नुसतं “अभिनंदन” म्हटलं आणि त्या बिचाऱ्याला वाटलं की आपलं काहीतरी चुकलं. आणि अशाच एका सकाळी त्यांच्या टेबलावरचा फोन वाजला.

“मी बोलतोय,” पलीकडून निरीक्षकांचा आवाज आला. मागे वारा घोंघावत होता. “जागा मिळाली. राहायला आलोय. तुमच्या विधानाची तपासणी झाली, निष्कर्ष लिहून घ्या.”

कविराजांनी कागद ओढला.

“‘घरच्या’ या शब्दावर माझा आक्षेप होता, कारण जागा भाड्याची आहे. पण ही म्हणते, राहतो ते घर. मान्य. ‘खिडकीमधुनी’ बरोबर आहे. खिडकी मोठी आहे, पडदेही लागले. ‘लाटा’ मात्र चूक आहे.”

“चूक?”

“समुद्र लांब आहे. लाटा इथून दिसत नाहीत, नुसतं पाणी दिसतं. दिवसातल्या निरनिराळ्या वेळी बघून खात्री केली. बोटी मात्र स्पष्ट दिसतात. तेव्हा फाइलीतल्या प्रतीवर ‘सागर-लाटा’ काढून ‘सागर-बोटी’ अशी दुरुस्ती करावी.”

“बोटी?” कविराजांचा आवाज चिरकला. “साहेब, वर काटा आहे!”

“काटा बरोबर आहे, तो बदलायचा नाही. चौकशीत सिद्ध झालाय.”

“मग बोटीला जुळेल असं दुसरं काहीतरी वर...” कविराज म्हणाले आणि त्यांचं डोकं सवयीने कामाला लागलं. बोटीला पक्की यमकं दोनच आली, एकदम, धडाधड. कोटी. खोटी. ‘जमवली कोटी’, ‘वजने खोटी’. त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला. या दोन शब्दांतला कुठलाही एक फाइलीत गेला, तर पेन्शन परत थांबेल आणि वहिनींना निळ्या पडद्यांसकट परत बसस्टँडमागे यावं लागेल.

“ऐकताय ना?” निरीक्षकांनी विचारलं. त्यांच्या मागून वहिनींचा आवाज आला, चांगला मोठ्याने, मजेत. “अहो, फोन ठेवा आणि इकडे या! आणखी एक आली! शिडाची आहे!”

“येतो, येतो,” निरीक्षक म्हणाले, तपासायला न थांबता, आणि फोन बंद झाला.

कविराज उठले. कपाटातून फाइल काढली. लाल शाई घेतली, ‘लाटा’ या शब्दावर नीट सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘बोटी’. मग दोन्ही ओळी हळू आवाजात म्हणून पाहिल्या. काटा, बोटी. पुन्हा एकदा म्हटल्या. काटा, बोटी.

“जमलं का काही?” पलीकडून भांडारपाल बाईंनी विचारलं.

“ट आहे,” कविराज म्हणाले आणि त्यांनी दुरुस्तीखाली सही केली.